मोटारीचा ओटा

"यील की. लाईन काय पळून चालली व्हय?"

हे म्हणताना आबा घोंगडी या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकायचे. घोंगडी हलली की समजायचं, आता उठणार. औरंगाबादच्या पंचायत समितीत मी शेतकऱ्यांच्या अनुदानाचं टेबल सांभाळत होतो, तेव्हाची ही गोष्ट. सरकार विहिरीवर बसवायला विजेची मोटार देत होतं आणि आबांची मोटार माझ्याच टेबलावरून मंजूर होऊन त्यांच्या घरी पोचली होती. नुसती पोचली होती. बसली नव्हती.

आबा धनगर. हर्सूलच्या पुढे, फुलंब्रीच्या वाटेवर त्यांचं गाव. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन बाहेर पडायचं आणि पावसाच्या तोंडावर परतायचं, असं सगळं आयुष्य गेलेलं. बायकोचे गुडघे आता चालायला तयार नव्हते. "तिला एका चुलीवर भाकरी करायचीय," आबा म्हणायचे. विहिरीला पाणी होतं. मोटार चालली की मोसंबी जगेल आणि मोसंबी जगली की मेंढरांमागे हिंडणं सुटेल, एवढाच त्यांचा हिशेब. रोपं त्यांनी मोटारीच्या आधीच लावून टाकली होती आणि दोघं नवरा-बायको त्यांना घागरीनं पाणी घालत होते.

मोटार घरात आली त्या दिवशी आबांच्या बायकोनं तिला हळदकुंकू लावलं. विहिरीच्या काठावर आबांनी सिमेंटचा ओटा बांधला, त्यात चार बोल्ट रोवले आणि बोल्ट गंजू नयेत म्हणून दर बाजारच्या दिवशी त्यांना गोडं तेल लावायला सुरुवात केली. मी म्हणालो, "आबा, खायचं तेल लोखंडाला?" तर म्हणाले, "मंग? तेबी घरचंच हाय."

अडलं होतं ते विजेच्या लाईनीच्या खांबांपाशी. खांब शेजाऱ्याच्या रानातून यायचे होते आणि शेजाऱ्याची संमती नव्हती. वीजवाले म्हणत, संमती आणा, खांब घ्या. बरोबरच होतं त्यांचं. आमच्याकडे मोटारीला अनुदान होतं. शेजाऱ्याच्या मनासाठी कसलीच योजना नव्हती.

आणि आबांचं वागणं असं, की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मेंढरं एखाद्याच्या रानात बसवली की लेंडीखत मिळतं आणि त्या बदल्यात रानमालक धनगराला धान्य देतो, ही रीत तुम्हाला ठाऊक असेल. आबा दरसाल कळप आधी या शेजाऱ्याच्या रानात बसवायचे आणि धान्याला हात लावायचे नाहीत. त्यांच्या लेखी, मेंढरं बसवून घेतली आणि धान्य दिलं नाही की माणूस बांधला गेला. आता त्यानं आपण होऊन विचारायला हवं, "आबा, तुमचं काय काम हाय?"

"अहो, पण तुम्ही त्याला विचारलं का?"

"आसं तोंडानं मागत्यात व्हय, सायेब? माणसाला कळतं की."

ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण हा तर ताकवाल्यालाच दूध घालून येत होता. शेजाऱ्याची कपाशी दरसाल कमरेच्या वर जायची. आबांची मोसंबी गुडघ्याएवढीच.

शेवटी मीच शेजाऱ्याकडे गेलो. माणूस वाईट नव्हता. चहा पाजला, पंखा माझ्याकडे वळवला. मग म्हणाला, "आबाला सांगा, तेवढी पाण्याची वाट बंद कर. उद्या खांब रोवू."

पाण्याची वाट म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि खेडोपाडी दलितांची घरं पेटली, त्या दिवसांत या गावची दलितवस्तीही गाठोडी घेऊन बाहेर पडली होती. आबांनी त्या बायका-पोरांना आपल्या वाघरीत घेतलं. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी. ती काही कोणाला अडवणारी गोष्ट नव्हे. पण आबा कुत्री घेऊन तिच्या तोंडाशी बसले आणि तिकडे कोणी आलं नाही. माणसं पुढे वस्तीवर परतली. गावच्या विहिरीवर मात्र त्यांना कोणी येऊ देईना, म्हणून ती आबांच्या विहिरीवर येऊ लागली.

"मोटार बसली की उद्या वस्तीला नळ जाईल," शेजारी म्हणाला. "सायेब, तुम्ही मोटारी वाटा. गावचं आम्ही पाहतो."

हा निरोप मी आबांना सांगितला. त्यांनी बराच वेळ घोंगडीची दशी पिळली. मग म्हणाले, "वाघरीत घेतलेलं बाहेर कसं हाकलू? कोकरू बी नाय हाकलत." आणि त्या सालीही त्यांनी मेंढरं शेजाऱ्याच्याच रानात बसवली. मी हात टेकले.

तिकडे वाळूजला कारखाने उभे राहत होते. माळावर बघता बघता खांबांची रांग लागली. आबांचा मुलगा तिथे शिफ्टमध्ये लागला. "पोरगं म्हणतं, तिथं दिवसा बी दिवे जळत्यात," आबा एकदा म्हणाले. त्यात तक्रार नव्हती, नुसतं नवल होतं. मला मात्र ऐकवेना.

मुदतीत न बसवलेली मोटार परत घ्यावी, असा नियम होता. मी मुदती वाढवून घेतल्या. कधी पावसाचं कारण दिलं, कधी ओट्याचं. मग वरून हुकूम आला आणि जीप घेऊन मीच गेलो. आबांनीच मोटार उचलायला हात लावला. त्यांच्या बायकोनं जाणाऱ्या मोटारीलाही हळदकुंकू लावलं आणि ती घागर घेऊन मोसंबीकडे गेली. ड्रायव्हरनं विचारलं, "बोल्ट पण काढायचे का?"

"ते राहू द्या," आबा म्हणाले. "ते माझ्या सिमिटात हायेत." मग माझ्याकडे बघून घोंगडीचा खांदा बदलला. "यील की, सायेब. लाईन काय पळून चालली व्हय?"

पुढच्याच उन्हाळ्यात पैठणच्या अंगाला, मेंढरांमागे चालताना आबा गेले. मला फार उशिरा कळलं.

विद्यापीठाचं नाव बदललं, त्या हिवाळ्यात दुसऱ्या कामानं मी त्या गावात गेलो. पाय आपोआप विहिरीकडे वळले. मोसंबीच्या जागी काटक्या उभ्या होत्या. वस्तीतल्या दोन बायका पाणी शेंदत होत्या. आबांची बायको ओट्याला टेकून, गुडघे लांब करून बसली होती.

तिनं मला ओळखलं. "बसा, सायेब," म्हणाली. "लाईनीचं काय झालं?"

मी बसलो. काहीतरी करायचं म्हणून एका बोल्टावरच्या नटाला हात लावला. त्यावर गोड्या तेलाचा ताजा हात फिरलेला होता. नट दोन बोटांत सहज फिरला.