तहाच्या टेबलावरचा हात

"तुमच्या लोकांना तहाच्या टेबलाजवळ आणलंत बाई, तर नंतर टेबल धुऊन घ्यावं लागेल."

वाक्य जसंच्या तसं लिहिलं आहे. संस्थेचे कार्याध्यक्ष ते हसत म्हणाले. आवाज चढवला नाही. कर्वेनगरातल्या आमच्या महाविद्यालयाच्या सभागृहात, भर दुपारी, स्नेहसंमेलनाच्या तालमीत, अकरावी कला शाखेच्या अख्ख्या वर्गासमोर. काही मुलं हसली. कार्याध्यक्ष हसले की आपण हसायचं असतं, हे मुलांना पहिल्या महिन्यातच कळतं.

माझा हात टेबलावर होता. मी तो उचलला.

उचल असं कोणी म्हटलं नव्हतं. हात आपला आपण उचलला गेला. मी पन्नाशी ओलांडलेली बाई, इतिहासाची शिक्षिका, वर्गात मान वर करून बोलणारी. आणि हात मात्र अजून सात वर्षांच्या मुलीचा. माझी आई याच कर्वेनगरात बंगल्यांमधून धुण्याभांड्याची कामं करायची. सुट्टीत मला बरोबर न्यायची. फाटकातून आत शिरताना एवढंच सांगायची, "हात आवरून बस." मी पायरीवर बसायचे, दोन्ही हात मांडीत. तीन पदव्या मिळाल्या, नोकरी मिळाली, हडपसरला स्वतःचा फ्लॅट झाला. हाताला यातलं काही कळवलेलं नव्हतं.

आता टेबलाचं सांगते.

मी अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध शिकवते. ते युद्ध सतराशे त्र्याऐंशीत पॅरिसमध्ये झालेल्या तहाने संपलं. त्या तहाच्या वाटाघाटींचं एक चित्र आहे, अर्धवट राहिलेलं. डाव्या बाजूला अमेरिकेचे प्रतिनिधी, कोटाच्या बटणांसकट रंगवलेले. उजवी बाजू कोरी. इंग्रजांनी चित्रासाठी बसायला नकार दिला, म्हणून चित्रकाराला ती भरताच आली नाही. हरलेल्या माणसाचा रुसवासुद्धा कसा जपून ठेवतात बघा. पण त्या तहाने ज्यांची जमीन इकडून तिकडे गेली, ते तिथले मूळ रहिवासी कोणत्याच बाजूला नाहीत. चित्रात नाहीत आणि तहातही नाहीत. त्यांच्यातले काही इंग्रजांकडून लढले होते, काही अमेरिकनांकडून. तह झाला तेव्हा दोघांनाही त्यांची आठवण राहिली नाही.

स्नेहसंमेलनात हेच चित्र उभं करायचं मी ठरवलं. टेबल, एका बाजूला बसलेले विजेते, दुसऱ्या बाजूला रिकाम्या खुर्च्या. आणि मागे चार मुलं उभी. न बोलता.

त्या चारांत कोमल होती. बिबवेवाडीत राहते. वडील रिक्षा चालवतात, मूळचे वाशिमकडचे. तिची जात मी लिहिणार नाही. लिहिली की वाचणारा पुढचं त्याच चष्म्यातून वाचतो.

कोमल पहिल्या दिवसापासून कुरकुर करत होती.

"मॅडम, मी नुसतीच उभी राहू? बोअर होतं हो. एखादा डायलॉग द्या ना."

"त्यांना डायलॉग नव्हता."

"तेच तर! म्हणून तर द्या ना."

मी तिला गप्प केलं होतं. इतिहासात नाही ते घालायचं नाही, असं सुनावलं होतं.

त्या दुपारी कार्याध्यक्ष तालीम बघायला आले. मागच्या चौघांकडे बोट करून म्हणाले, "हे कोण?"

मी म्हटलं, "तिथले मूळ रहिवासी. तहात ज्यांची जमीन दिली गेली ते."

"म्हणजे तिकडचे तुमचे लोक," ते म्हणाले. आणि मग ते टेबल धुवायचं वाक्य.

मुलं हसली. माझा हात टेबलावरून उठला. आणि मागून कोमलचा आवाज आला, अगदी साधा, शंका विचारावी तसा.

"सर, टेबल का धुवायचं?"

हसू थांबलं. कार्याध्यक्षांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मुलांना छान तयार करताय, बाई," म्हणाले आणि गेले.

जे मी विचारायला हवं होतं, ते सोळा वर्षांच्या मुलीने विचारलं. मी तालीम सोडून दिली. स्टाफरूममध्ये जाऊन तक्रार लिहिली आणि प्राचार्यांना दिली. दोन परिच्छेद. एकात काय बोललं गेलं, दुसऱ्यात कोणी ऐकलं. ऐकणाऱ्यांत वर्गातली बरीच नावं होती. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी विचारलं तेव्हा कोमल सोडून बाकीच्यांना काहीच नीट ऐकू आलेलं नव्हतं. कोमलने सांगितलं, "मी ऐकलं. शब्दन् शब्द सांगते." आणि सांगितला.

त्यानंतर कोणी मला एक शब्द वाकडा बोललं नाही. हे लक्षात ठेवायला हवं. शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं.

मी स्टाफरूममध्ये शिरले की बोलणं हवापाण्यावर यायचं. माझं वेळापत्रक बदललं. पहिला तास आणि शेवटचा तास, मधली सगळी दुपार रिकामी. भूगोलाचे सर भले गृहस्थ. जिन्यात गाठून म्हणाले, "अहो मॅडम, मिटवून टाका. ते काही मनाने वाईट नाहीत. बोलायची पद्धत आहे त्यांची."

"कोणाशी बोलायची?" मी विचारलं. सरांना एकदम तास आठवला.

मग कोमलच्या वडिलांना कार्यालयातून फोन. मुलीची हजेरी कमी भरते आहे म्हणून. माझ्या तासाला ती एकदाही गैरहजर नव्हती. मग एका सकाळी त्यांच्या रिक्षाची मागची सीट कोणीतरी ब्लेडने उभी चिरली. काच फोडली नाही, मीटरला हात लावला नाही. फक्त सीट. जिथे माणूस बसतो ती. ते मला फोनवर सांगत होते, "पोट्टे असतीन जी कोणी गल्लीतले." त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. दोघंही गल्लीतल्या पोरांना दोष देत राहिलो.

मग बोलावणं आलं. प्राचार्यांच्या खोलीत, चहाला.

प्राचार्या माझ्याच वयाच्या. वाईट नाहीत, घाबरट आहेत, आणि घाबरट माणूस वाइटाची सगळी कामं वेळेवर करून देतो. कार्याध्यक्ष आधीच येऊन बसले होते. मला पाहून उभे राहिले. माझ्यासाठी खुर्ची ओढली. इतकी अदब मी त्यांच्यात कधी पाहिली नव्हती.

"या, बाई. झालं गेलं. आज आपण तह करून टाकू. तुमचाच विषय," ते म्हणाले.

चहा आला. सगळ्यांना एकसारखे कप. ते मी पाहावं अशा बेताने माझा कप त्यांनी स्वतः माझ्यापुढे सरकवला. मग प्राचार्यांनी टाइप केलेला कागद वाचून दाखवला. कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास कार्याध्यक्ष खेद व्यक्त करतात. मी तक्रार मागे घेते. संस्था माझ्या ज्येष्ठतेचा मान राखून पुढच्या सत्रापासून मला विभागप्रमुख करते. इथवर सगळं खणखणीत आवाजात. मग प्राचार्यांनी चष्मा सारखा केला.

"आणि संबंधित विद्यार्थिनीची सोय व्हावी म्हणून तिचा प्रवेश संस्थेच्या हडपसर शाखेत वर्ग करण्यात येईल."

हडपसरच्या शाखेत कला विभाग नाही. फक्त वाणिज्य. ती मुलगी बिबवेवाडीची. वर्षाच्या मध्यात अनोळखी विषय, अनोळखी वर्ग, आणि 'वर्तनामुळे पाठवलेली' असा शेरा तिच्या आधी तिथे पोचलेला. अशी मुलगी तिथे चार दिवस जाते आणि मग घरी बसते. घरी बसलेल्या मुलीचं पुढे काय करतात, हे मला माझ्या वस्तीतल्या मैत्रिणींवरून माहीत आहे. मला सोडलं तर सगळ्यांची तशीच लग्नं लावून टाकली.

"तुमच्या घराजवळच आहे की ती शाखा," कार्याध्यक्ष म्हणाले. "येता-जाता लक्ष ठेवा तिच्यावर."

मी कागद हातात घेतला. वर्षानुवर्षं मी मुलांना शिकवते आहे की तह वाचताना काय मिळालं हे शेवटी बघा. आधी बघा, दिलं काय आणि ते कोणाचं होतं. मला खेद मिळत होता, खुर्ची मिळत होती. त्याच्या बदल्यात तक्रारीखेरीज माझं काहीच जात नव्हतं. जात होती ती कोमल. ती खोलीत नव्हती. तिला या बैठकीची खबरही नव्हती.

याच शहरात, येरवड्यात, आमच्या माणसांच्या हक्काचा एक करार झालेला आहे. त्यावर आमच्या घरी फारसं बोलत नसत. वडील एवढंच म्हणायचे, "दुसऱ्याचा जीव वाचवायला केलेली सही आहे ती." आणि रेडिओचा आवाज वाढवायचे. लहानपणी मला ते वाक्य अर्धवट वाटायचं. त्या खोलीत बसल्यावर वाटलं नाही. गळ्याशी आणून सही कशी घेतात, चहा पाजत घेतात, सगळे कसे तुमच्या भल्यासाठीच जमलेले असतात, ते दिसत होतं.

"ती कुठे आहे?" मी विचारलं.

"कोण?"

"जिला तुम्ही या कागदावर देताय ती."

"अहो, देतोय काय? ती काय वस्तू आहे?"

"तेच विचारते आहे."

कार्याध्यक्ष मागे टेकले. हसू होतं, पण आता ते तोंडापुरतं उरलं होतं.

"बाई, तह म्हटला की थोडं द्यावं लागतं, थोडं घ्यावं लागतं. तुम्हीच शिकवता ना?"

"शिकवते. म्हणूनच सही करत नाही."

"निवृत्तीला अजून बराच अवकाश आहे तुमच्या," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले. "लांबचा रस्ता आहे. रोज हडपसरहून एकट्याच येता-जाता ना?"

त्या खोलीतला पंखा सावकाश फिरत होता. त्याचा आवाज मला आत्ताही ऐकू येतो.

मी कागद टेबलावर ठेवला. त्यावर हात ठेवला, तळवा पूर्ण टेकवून. त्यांची नजर माझ्या हातावर आली. ते टेबल बहुधा शिसवीचं असावं, काच लावलेलं, गार. हात उचलावा असं मनगटापासून वाटत होतं. जुनी सवय खेचत होती. आई फाटकापाशी उभी राहून सांगत होती. मी हात ठेवला. ते बोलायचे थांबले तरी ठेवला. प्राचार्या म्हणाल्या, "आपण सोमवारी पुन्हा बसू. तुम्ही विचार करा, मॅडम." तरी ठेवला. कार्याध्यक्षांनी खुर्ची सरकवली, ते दारापर्यंत गेले, दार बंद झालं. मग उचलला. काचेवर घामाचा ठसा उमटला होता. मी तो पुसला नाही.

तिथून थेट बिबवेवाडीला गेले. एका खोलीचं घर, बाहेर रिक्षा उभी, सीटवर जाड दोऱ्याने घातलेले टाके. कोमलच्या वडिलांना सगळं सांगितलं. धमकीसकट.

"पोरीनं चुकीचं इचारलं का जी, मॅडम?"

"नाही."

"मंग तिले कामून हलवून राह्यले?"

कोमल आतून ऐकत होती. बाहेर आली ती चिडूनच.

"मॅडम, तुम्ही नाही म्हणून आलात ना?"

"हो."

"मला न विचारता?"

खरं होतं. त्यांनी तिला न विचारता दिलं होतं, मी तिला न विचारता राखलं होतं. चांगल्या हेतूने, पण तेही तिच्या पाठीमागेच.

"मग आता विचारते," मी म्हटलं. "जायचंय हडपसरला? जायचं असेल तर तसं सांग. मी काही म्हणणार नाही. पुढे त्रास आहे. सीटवर भागलं, पुढच्या वेळी भागेल असं नाही."

तिने वडिलांकडे पाहिलं. ते रिक्षाकडे पाहत होते. मग त्यांनी मान हलवली, एवढीशी.

"मला इतिहासच करायचाय," कोमल म्हणाली. "आणि सोमवारी मी पण येणार. मागे उभी नाही राहणार हां. बसणार." मग जरा थांबून, "या वेळी डायलॉग आहे ना मला?"

मी हसले नाही. तिलाही हसायचं नव्हतं.

काल महाविद्यालयात गेले तेव्हा कळलं, आमचा नाट्यप्रवेश स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमातून काढला आहे. वेळेअभावी. सभागृहात डोकावले. तालमीचं टेबलही तिथून हलवलं होतं. फरशीवर चार पायांचे चार डाग तेवढे होते. मी उभी असताना दिवे कोणीतरी बंद केले. कोण ते दिसलं नाही. मी अंधारात भिंत चाचपत बाहेर आले. घाबरले होते, हे लिहून ठेवते.

आज पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली. ठाण्यातल्या साहेबांनी दोनदा विचारलं, "आपसात मिटत नाही का, ताई?" मी पोच मिळेपर्यंत तिथून उठले नाही.

सोमवारी बैठक आहे. त्या खोलीत चार खुर्च्या असतात, दोन त्यांच्या, एक माझी, आणि एक भिंतीला लावलेली, जिच्यावर फायली ठेवतात. मी आत गेल्यावर पहिलं काम करणार आहे ते फायली खाली ठेवण्याचं. ती खुर्ची ओढून टेबलापाशी आणणार आहे, कोमलसाठी. तिचे वडील आले तर माझी त्यांना देईन, मी उभी राहीन. कागदावर काय आहे ते कोमल स्वतः वाचेल. मोठ्याने. तिच्याबद्दलची एक ओळ जरी तिच्या तोंडून मान्य झाली नाही, तर तह नाही. मग नोकरी राहो न राहो, लांबच्या रस्त्यावर कोणी भेटो न भेटो.

आणि ती बसली की तिला मी एकच गोष्ट सांगणार आहे. माझ्या आईने मला सांगितलं होतं त्याच्या उलट.

हात टेबलावर ठेव.