पितळी पाटी आणि चार भोके

मला माझ्या बायकोच्या धाकट्या भावाने फसवले. धुळ्याच्या ढाबेवाल्याने नाही. त्याला तर मीच फसवायला गेलो होतो.

नव्वदीच्या सुरुवातीला जळगावात माझे लग्नाचे बँड पथक होते. झांजा वाजवत मालक झालो, कोणाच्या शिफारशीवर नाही. धुळ्याला हायवेवरच्या ढाब्यात ती इलेक्ट्रिक गिटार दिसली. मुंबईच्या एका रॉक गायकाने खास बनवून घेतलेली, मोरपंखी, मागे त्याच्या नावाची पितळी पाटी. त्याची गाडी तिथे बंद पडली तेव्हा दुरुस्तीच्या खर्चाच्या बदल्यात तो ती ढाबेवाल्याला देऊन गेला होता. ढाबेवाला पूर्वीचा बैलांचा दलाल. त्याने बैलबाजारातल्यासारखा उपरण्याखाली माझा हात धरला आणि बोटे दाबून भाव सांगितला. मी उलट दाबली. तासभर तोंडाने आम्ही पाऊसपाण्याचे बोलत होतो आणि खाली भांडत होतो. शेवटी तो हसत सुटला, "न्या भाऊ, बोटं सुजली माझी!"

एसटीत कंडक्टर म्हणाला, "ह्याचं अर्धं तिकीट लागेल."

"मांडीवर आहे. पाच वर्षांच्या आतलं आहे."

अख्खी बस हसली. तिकीट काही मी काढले नाही.

मेहुणा आमच्याकडे बेंजो वाजवायचा. गिटार त्यालाच दिली. धुळ्याकडच्या एका खेड्यात, पहिल्याच लग्नात, हातगाडीवरच्या भोंग्यांतून ती अशी किंचाळली की वरात मारुतीच्या पारापाशी दीड तास अडली. म्हाताऱ्या नाचल्या. नवरदेव घोड्यावरून उतरून नाचला. नवरीचा बाप धावत आला, "भाऊ, बंद करा ना हाई! मुहूर्त टळी चालना!" आणि बोलता बोलता त्याचेच खांदे उडू लागले. मालकाने नाचायचे नसते. मी नाचलो.

खंडेनवमीला आमची रीत अशी, की वाद्ये खोलून पुसायची ती वाजवणाऱ्याने. मालकाने फक्त नारळ फोडायचा, वाद्याला हात लावायचा नाही. मी लावला नाही. दुसऱ्या दिवशी पाटी गायब. मेहुणा म्हणाला, "पुसताना पडली असेल, दाजी. शोधतो."

दिवाळीनंतर त्याने जळगावातच, मेहरूणमध्ये, स्वतःचे पथक काढले. हातात साधी बाजारी गिटार आणि तिच्यावर ती पाटी! लोक पाटी वाचून त्याला सुपाऱ्या देऊ लागले. खरी गिटार माझ्याकडे, तर गिऱ्हाईक मलाच विचारी, "नकली का वाजवता?"

त्याच्या दारात जाऊन मी गल्ली गोळा केली. तो शांतपणे म्हणाला, "दाजी, तुमच्या गिटारीला पाटी होतीच कधी?"

घरी बायको म्हणाली, "माझ्या भावाला चोर म्हणता?"

म्हणतो. तर शालकराव, जी पाटी कधी नव्हतीच ती तुम्ही शोधणार कशी होतात? माझ्या गिटारीच्या पाठीवर चार भोके आहेत. जळगाव-धुळ्याच्या सगळ्या बँडवाल्यांसमोर ती पाटी आणून त्या भोकांवर ठेवा. चारही स्क्रू बसले तर काय बोलणार, ते आताच सांगा.