माचीस न घेणारा चौकीदार

रुळालगतच्या जुन्या दगडी कापूस-गोदामाचा चौकीदार येणाऱ्या प्रत्येकाची माचीस आधी काढून घ्यायचा. "कापूस हाय बाप्पा, ठिणगी नाही चालत."

त्या वर्षी 'गोदाम भरलं' असं सांगून खरेदीच्या साहेबानं खरेदी बंद केली. आर्णीकडच्या शेतकऱ्यांचा कापूस आठवडाभर बाहेर गाड्यांवर भिजत होता. 'नवं गोदाम बांधा!' अशी पत्रकं घेऊन मी गेलो, सवयीनं माचीस पुढं केली. त्यानं घेतली नाही.

"काहून, काका?"

"दार उघडलं तं नोकरी जाईन, साहेब म्हणते. जाऊ दे."

सगळ्यांदेखत त्यानं दार ढकललं. आत एका बोंडाचाही कापूस नव्हता. पत्रकं कुठं लपवावी, मला कळेना.

"आता दे तुही माचीस," म्हणत त्यानं उंबऱ्यावरच बिडी शिलगावली.