तिचे सहा सेल
तारा जोडायला कथलाचा डाग देताना राळेचा धूर नाकात गेला की मला जालन्याच्या तंत्रनिकेतनातली ती पत्र्याखालची, दुपारी तापणारी प्रयोगशाळा आठवते. शेवटच्या वर्षी आमच्या रिमोटच्या गाड्यांची शर्यत होती. आष्टीहून आलेली माझी मैत्रीण सगळ्यांत हुशार. सर सारखं तिचंच नाव घ्यायचे आणि मी आतल्या आत जळायचे. आदल्या दिवशी तिने आपले चार्जिंगचे सहा सेल माझ्यापुढे ठेवले. "तूच मोज, तुझं काम बराबर असतंय." सेलवर भार टाकायचा आणि मीटरचा काटा किती खाली येतो ते बघायचं, फार आला, तर त्या सेलचा आतला रोध जास्त, म्हणजे तो बाद. पाचव्या सेलला काटा भरकन खाली आला. मी तो सेल चांगल्यांतच ठेवला आणि म्हणाले, "सगळे ठीक आहेत." शर्यतीत तिची गाडी चढावर थांबली. सर म्हणाले, "सेल बघ." ती म्हणाली, "सेल हिनं मोजलेत सर, ते खराब असणारच न्हाईत. माझंच काहीतरी चुकलं." मी पहिली आले, पण तिच्याकडे बघवेना. आज मी हाताखालच्यांनी मोजलेलं सगळं पुन्हा स्वतः मोजते. तिच्यासारखा भरवसा मला कुणावरच टाकता आला नाही, आणि तिचा हेवा अजून वाटतो तो त्याचाच.