सिस्टरचं विमान

चहाचा कप समोर आला की सिस्टर पर्सवर तळहात दाबून धरायच्या आणि म्हणायच्या, "नको भाऊ. एक स्क्रू जाईल."

मंडळी, स्क्रू विमानाचा! नेवाशातल्या एका छोट्या दवाखान्यात त्या नर्स होत्या आणि दवाखान्याला चिकटूनच माझं औषधांचं दुकान. जर्मनीत नर्सची नोकरी धरायची, म्हणून बाई पगारातून विमान जोडत होत्या. चहा म्हणजे स्क्रू, नवी चप्पल म्हणजे खिडकीची काच. एकदा मी मुद्दाम विचारलं, "आणि पैठणी?" डोळे मिटून म्हणाल्या, "डावा पंख. विषय बंद."

मी फार छळायचो त्यांना. दुकानाच्या पायरीवर हवाईसुंदरीसारखा हात जोडून उभा राहायचो, "पट्टे बांधा, नेवासा सोडतोय!" त्या हसायच्या. डब्यात मात्र रोज भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, आणि समोर मोबाईलवर जर्मनचा पाठ. जेवता जेवता पुटपुटायच्या. पेशंटना वाटायचं, बाई कुठला तरी मंत्र म्हणतायत.

काही वर्षांनी पैसे जमले. आता अट एकच. वकिलातीतली मुलाखत होईपर्यंत खात्यातली रक्कम हलता कामा नये. तेव्हापासून बाईंची झोप उडाली. सारख्या मोबाईलवर खातं उघडून बघायच्या.

"आहेत ना?" मी विचारायचो.

"आत्ता तरी आहेत."

आणि तिकडे त्यांच्या गावी चुलतभावानं वेशीत फ्लेक्स लावला! व्हिसाचा पत्ता नाही, पण फ्लेक्सवर सिस्टरांच्या मागे विमान, खाली गॉगल लावलेल्या शुभेच्छुकांची रांग. तो बघून हरिनाम सप्ताहाची कमिटी थेट त्यांच्या वडिलांकडे. "अण्णा, लेक परदेशी चालली. औंदा काल्याची पंगत तुमची." म्हणजे शेवटच्या दिवशी अख्ख्या गावाला जेवण. अण्णांची छाती फुगली. "व्हय, आमचीच!" संध्याकाळी भोंग्यावरून नावसुद्धा पुकारलं गेलं.

"भाऊ, आख्खं विमान गेलं," सिस्टर एवढंच म्हणाल्या. पंगतीचा खर्च त्यांच्याच खात्यातून जाणार होता. मला पहिल्यांदाच काही गंमत सुचली नाही. मोटारसायकल काढली, त्यांना मागे बसवलं आणि त्यांचं गाव गाठलं.

मांडव भरला होता, कीर्तन सुरू व्हायचं होतं. सिस्टर सरळ माईकपाशी गेल्या. "पंगत अण्णांनी कबूल केली, पण पैसे माझे आहेत. ते मोडले तर माझं जाणंच मोडतं. मी देणार न्हाई."

मग मागून एक आवाज आला, "जायच्या आधीच जर्मनीची झाली की गं तू!" हशा उसळला. कमिटीवाले पुटपुटले, "ऱ्हाऊ द्या, वर्गणी काढू." अण्णा उठले, टोपी झटकली आणि कुणाकडे न बघता मांडवाबाहेर गेले.

त्यानंतर ते लेकीशी बोलले नाहीत. मुलाखत झाली, व्हिसा आला, तरी नाही. "पैसे वाचले भाऊ," सिस्टर एकदा दुकानात म्हणाल्या, "पण अण्णा मला घालवायलासुद्धा येणार नाहीत."

निघायच्या दिवशी मी त्यांच्या गावी घरी गेलो होतो. दारात काळ्या काचांची जीप. ड्रायव्हर ओट्यावर चहा पीत होता, आई ओवाळणीचं ताट घेऊन ताटकळलेली. अण्णांचा पत्ता नाही. कुणी मळ्यात बघून आलं, कुणी देवळात. उशीर व्हायला लागला. शेवटी सिस्टर आईच्या पाया पडल्या आणि डोळे पुसत त्यांनी जीपचं दार उघडलं.

आत अण्णा बसलेले. पांढरंशुभ्र धोतर, मांडीवर लेकीची भली मोठी बॅग.

"अण्णा, बॅग मागं ठिवू का?" ड्रायव्हरनं विचारलं.

"ऱ्हाऊ दी. जड न्हाई."

मुंबई येईपर्यंत त्यांनी ती मांडीवरून खाली ठेवली नाही, असं ड्रायव्हर नंतर सांगत होता.