हॉलची किल्ली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पोरीलासुद्धा नाही.

शेवटचं आम्ही नवरा-बायकोनं मिळून काय केलं — तर त्या दुपारी सुकट निवडली. गॅलरीत पेपर पसरून, समोरासमोर. ही मध्येच उठायची, ओट्याखालचे डबे उपसायची, परत यायची. "अहो, किल्ली अशी जाईल कुठं? पाय फुटले काय तिला?" मी मान वर केली नाही. किल्ली माझ्या पायजम्याच्या खिशात होती.

सोसायटीच्या हॉलची किल्ली. जोगेश्वरीची आमची चाळ पाडून बिल्डिंग झाली तेव्हापासून कमिटीनं माझ्याकडं दिलेली. त्या हॉलात सत्यनारायण होतो, बारसं होतं, सेक्रेटरीच्या मेव्हण्याचा वाढदिवससुद्धा होतो. पण कांबळेवहिनींनी बुद्धपौर्णिमेच्या वंदनेला हॉल मागितला, आणि कमिटीच्या पोटात दुखायला लागलं. झेंडावंदनाला 'आपण सगळे एक कुटुंब' म्हणून माईकवर घसा फोडणारी ही माणसं. तोंडावर नाही म्हणायची एकाची छाती नव्हती. मग किल्ली हरवली म्हणून सांगू — ही अक्कल कुणाची? माझी. सातवी शिकलेल्याची. सगळे खूश. मला चहा पाजला.

मला कसली भीती होती? कसलीच नाही. त्या भिकार कमिटीच्या खुर्चीत बसायला मिळायचं — तेवढ्यासाठी.

आणि कांबळेवहिनी काय परक्या? चाळीत भिंतीला भिंत आमची. पोर त्यांच्या मांडीवर वाढली. त्यांना मी म्हणालो, "शोधतोय हो, वहिनी."

संध्याकाळी त्यांनी वंदना पार्किंगमध्ये केली, स्कूटरींच्या मधल्या जागेत सतरंजी टाकून. ही खाली जाऊन बसली. येताना माझ्या वाटणीची खीर घेऊन आली. मी खाल्ली. वाटी चाटून खाल्ली.

रात्री ही झोपेतच गेली.

सकाळी घरात माणसं मावेनात. जिना भरला. कुणीतरी म्हणालं, हॉलात ठेवलं असतं, पण किल्ली — मी खिशातून काढली. सगळे माझ्याकडं बघायला लागले. कमिटीवाले तेवढे जमिनीकडं. कांबळेवहिनी पुढ्यातच उभ्या होत्या, काखेत कालचीच सतरंजी.

मी म्हणालो, "हिनंच ठेवली होती कुठंतरी. डब्यात मिळाली."

हॉल उघडला तशा वहिनी आत गेल्या, सतरंजी झटकून अंथरली. आम्ही हिला तिच्यावर ठेवलं.