वास कुणाचा होता

"आजी, तुमच्या आतड्याला पीळ पडलाय. तेवढा भाग काळा पडला असेल तर कापावा लागेल." सीटी स्कॅनचा फोटो उजेडाला धरून डॉक्टर हे सांगत होते आणि मी ओकारी दाबत होते. पोट ढोलासारखं फुगलेलं, वारासुद्धा सरत नव्हता. गॅस असेल म्हणून मी घरी ओवा चघळत बसले. तुम्ही असलं काही करू नका, बायांनो. शी आणि वारा दोन्ही बंद झालं की सरळ दवाखाना गाठा.

शुद्धीवर आले तर पोटावर पिशवी. ह्याला कोलोस्टॉमी म्हणतात. आतड्याचं तोंड पोटावर काढून शिवतात, शी तिथूनच पिशवीत येते. त्या तोंडाला स्टोमा म्हणायचं. लालभडक, ओलं बोंड. बघितल्यावर मला स्वतःचीच अशी किळस आली की विचारू नका. मध्येच आवाज येतो, ऊन ऊन काहीतरी पोटावरून सरकतं. शी!

डॉक्टर म्हणाले, "काही महिन्यांनी आतडं परत जोडू, पण अंगात ताकद पाहिजे. खा." मी कुठली खाते? खाल्लं की पिशवी भरणार. दोन घास घेऊन ताट सरकवायची. वजन उतरत चाललं. मुलाला शपथ घातली होती, पाहुण्यांना हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांग.

खरं ठाऊक होतं ते शेजारच्या खाटेवरच्या मेहरुनबीला. टॉवेलच्या कारखान्यात शिलाई करणारी बाई. तिलाही अशीच पिशवी, आता आतडं जोडून घ्यायला आलेली. माझ्या गळ्यातली तुळशीची माळ बघून तिनं पहिल्याच दिवशी सुनेला बजावलं, "यहाँ गोश्त का डब्बा नक्को लाना." मी काही बोलले नव्हते. मग मीही तिचा नमाज होईपर्यंत पिशवी रिकामी करायला उघडायची नाही, दम धरायचा. ह्यावर आम्ही दोघी कधी चकार शब्द बोललो नाही.

सांगोल्याहून माझ्या नणंदबाई डाळिंबं घेऊन आल्या. मेहरुनबीच्या सुनेनं तेव्हाच डबा उघडला होता, त्यात दहीभात. आणि नेमकी माझी पिशवी कडेनं सुटून गळायला लागली. मी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं.

वन्संनी पदर नाकाला लावला. "आगं बया, काय घाण मारतीया! वहिनी, ह्यांच्या शेजारी कशी ऱ्हातीस गं? काय बी शिजवत्यात आन् आणत्यात. ओ सिस्टर, आमच्या पेशंटला दुसरी खाट द्या की!"

मी मेहरुनबीकडे बघितलं. वास कुठून येतोय हे तिला पक्कं कळलं होतं. तिनं शांतपणे डब्याला झाकण लावलं. "हौ, आमचाच आसंल," म्हणाली. सून तोंड उघडणार तोच तिचं मनगट दाबलं.

"बग, कबूल केलं का न्हाय!" वन्सं.

माझी लाज झाकायला त्या बाईनं ती घाण स्वतःच्या अन्नावर घेतली, आणि आमच्या वन्सं मान डोलावतायत! इतकी किळस मला तो स्टोमा बघूनही आली नव्हती.

मी पांघरूण फेकलं. "वन्सं, वास माजा हाय. ही बगा पिशवी, ह्यात माजी शी हाय. त्यांच्या डब्यात दहीभात हाय, हुंगून बगा."

वन्सं दोन पावलं मागं. "मला यष्टी गाठायचीय," म्हणाल्या आणि निघाल्या. मेहरुनबीला एक शब्द नाही. जाताना दाराजवळच्या बेसिनवर हात मात्र खळखळून धुतले. शिवल्या कशाला नव्हत्या!

सिस्टरनं पिशवी बदलली. मेहरुनबीनं डबा माझ्यापुढं केला आणि हसली. "ताई, अब तो सब कू मालूम पडिंगा. आता तरी खाव की."

मी पोटभर दहीभात खाल्ला. पिशवी भरली. भरू दे म्हटलं.

आता आतडं जोडून झालंय, बरी आहे मी. तुमच्यापैकी कुणाला ही पिशवी लागलीच, तर उपाशी राहू नका. लपवूही नका. लपवलेलं कुणाच्या तरी माथी जातं.

डॉक्टरांचे उपकार आहेतच, पण जेवायला लावलं ते मेहरुनबीनं. ती दर बुधवारी माझ्याकडे येते. वन्सं फोन करतात, "भेटाय कदी येऊ?" मी सांगते, "बुधवारी या. आदी तिच्याशी बोला, मग च्या टाकते."

अजून आल्या नाहीत.